कोथरूडमधला पहिला उन्हाळा: लहान मुलांची सुट्टी कशी निभावायची

अकोल्याहून पुण्याला बदली झाली तेव्हा उन्हाळ्याची मला अजिबात धास्ती नव्हती. इथे पारा चाळिशीला टेकला की लोक हवालदिल होतात. आमच्याकडे चाळीस म्हणजे होळीनंतरची नेहमीची दुपार. चुकलं ते सुट्टीचं गणित. अकोल्याला मोठा वाडा, घोंघावणारा कूलर, आजी आणि अर्धा डझन चुलत भावंडं होती. मुलं सकाळी खेळायला गेली की थेट जेवायलाच दिसायची. इथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, थोरला सात वर्षांचा, धाकटी चार वर्षांची. सुट्टीच्या चौथ्याच दिवशी दोघं फ्रिजचं दार उघडून समोर बसली होती, "गार हवा येते" म्हणून.

त्यानंतर तीन उन्हाळे काढले. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे भागात नव्याने राहायला आलेल्या आणि तीन ते आठ वर्षांची मुलं असलेल्या घरांसाठी हे लिहिते आहे. मुलं त्याहून मोठी असतील तर त्यांची त्यांना सायकल द्या, बाकी ती बघून घेतील.

१. आधी शेजाऱ्यांच्या सुट्ट्या विचारा

पहिला घोळ इथेच होतो. राज्य मंडळाच्या शाळांना साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्ये नवीन वर्ष सुरू करून मग सुट्टी देतात आणि जूनमध्ये लवकर उघडतात. त्यामुळे एकाच मजल्यावरची दोन मुलं एकाच वेळी मोकळी असतीलच असं नाही.

त्यात मेचा पहिला पंधरवडा म्हणजे निम्मी सोसायटी कोकणात, नाहीतर आजोळी. खाली खेळायला गेलं तर वॉचमन आणि मांजर. म्हणून कुठल्या घरचे कधी गावाला जाणार आहेत ते एप्रिलमध्येच विचारून ठेवा. शिबिर किंवा छंदवर्ग घालायचा असेल तर तो या रिकाम्या पंधरवड्यात. पोरं परत आली की वर्गाला जायला कुणीच तयार होत नाही, आणि भरलेली फी तुमच्याकडे बघत बसते.

२. दिवसाचे दोनच तुकडे आपले

सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. मधला सगळा वेळ छपराखाली. "पुण्यात कुठलं एवढं ऊन" या जुन्या पुणेकरांच्या गप्पांवर जाऊ नका. याच शहरात ३० एप्रिल १८९७ रोजी ४३.३ अंशांची नोंद झालेली आहे.

दुसरं म्हणजे महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात. सकाळी उघडतात, साडेदहा-अकराच्या सुमाराला कुलूप लागतं ते चार-साडेचारपर्यंत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डबा, चटई, दोन मुलं आणि एक फुगा घेऊन मी सव्वाअकराला एका बागेच्या फाटकासमोर उभी होते. धाकटी फाटकाच्या गजांतून घसरगुंडीकडे बघत रडत होती, आणि आत माळीदादा शांतपणे पाइप गुंडाळत होते. वेळा फाटकावरच्या पाटीवर असतात, एकदा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

संध्याकाळी पाचला गेलात तर पत्र्याची घसरगुंडी तापलेलीच असते. आधी आपल्या हाताचा उलटा तळवा तीन सेकंद टेकवून बघा, मगच मूल वर चढू द्या. झोपाळ्याच्या साखळ्यांचंही तेच.

३. बाग निवडताना

सगळ्या बागा सारख्या नाहीत. जवळची कोणती हे बघू नका, मुलाला आज काय हवंय ते बघा.

धावायचं, लोळायचं, खेळणी हवीत: कोथरूडमधलं तात्यासाहेब थोरात उद्यान किंवा प्रभात रस्त्यावरचं कमला नेहरू पार्क. रविवारी संध्याकाळी दोन्हीकडे झोपाळ्यासाठी रांग असते आणि त्या रांगेत पालकांचीच जास्त भांडणं होतात. मंगळवार-बुधवार सकाळ उत्तम.

मेट्रोची हौस असेल तर जंगली महाराज रस्त्यावरचं संभाजी उद्यान. त्याच नावाचं स्टेशन आहे, वनाझ किंवा आनंदनगरला बसा आणि तिथे उतरा. निम्म्या मुलांना मेट्रोच पुरते, बाग म्हणजे वरचा खाऊ.

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान मात्र समजून जा. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलंय. झुळझुळणारं पाणी, छोटे पूल, रंगीत मासे. बघायला फार सुंदर, पण चेंडू, रॅकेट, डबे यांची ती जागा नव्हे. चार वर्षांच्या मुलीला "इथे पळायचं नाही" हे मी चाळीस मिनिटांत किमान साठ वेळा सांगितलं. शांत मूल असेल तर जरूर न्या. माझ्याकडे तसं मूल नाही.

आणि सारसबाग-पेशवे पार्क. तिथली फुलराणी ही छोटी आगगाडी ८ एप्रिल १९५६ पासूनची, म्हणजे आजोबा लहानपणी जिच्यात बसले तिच्यातच नातू बसतो, असं इथल्या अनेक घरांत घडलंय. गाडी देखभालीसाठी बंद नाही ना, हे निघण्याआधी विचारा. मुलाला "फुलराणी" शब्द सांगून बसलात आणि ती बंद निघाली तर पुढचा आठवडा तुमचा नाही. सुट्टीच्या संध्याकाळी तिकिटाची रांग लांब असते. मधल्या वारी जा, आधी गाडी, मग तळ्यातला गणपती, मग बाहेरची भेळ. क्रम बदलला की भेळेच्या हातांनी सगळी गाडी बरबटते.

पेशवे पार्कात पूर्वी प्राणिसंग्रहालय होतं, ते पुढे कात्रजला गेलं. "पेशवे पार्कातले वाघ" दाखवायला निघालेले काका अजूनही भेटतात. वाघ बघायचे तर कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय, आणि ते बुधवारी बंद असतं. सुमारे १३० एकरांचा परिसर आहे, लहान मुलं निम्म्यात पाय गाळतात. उघडल्या उघडल्या पोहोचा, आत बॅटरीवरची गाडी मिळते का ते दारातच विचारा, आणि सगळं बघायचा हट्ट सोडा. दुपारी वाघ सावलीला झोपतो, त्याला उठवायला हाका मारणारे बाप मात्र जागे असतात.

४. टेकडी आणि पर्वती

कोथरूडला राहण्याचा हा खरा फायदा. म्हातोबा टेकडी आणि वेताळ टेकडी जवळ आहेत. पहिल्याच दिवशी वेताळाच्या देवळापर्यंत जायचं ठरवू नका. चार वर्षांच्या मुलाची टेकडी वीस मिनिटांची. जिथे बसेल तिथे खाऊ काढायचा आणि परत फिरायचं. सकाळी लवकर गेलात तर मोराची ओरड ऐकू येते, नशीब असेल तर मोर दिसतोही. पायात चप्पल नको, वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यातसुद्धा घुसतात, तेव्हा पूर्ण पँट आणि बूट. कुत्री असतात, मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा उघडा देऊ नका.

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. रुंद आणि बसक्या, म्हणून लहान पायांना त्रास होत नाही. थोरला मोजत चढला, एकाहत्तरला धाकटीने मध्येच "बावीस!" म्हणून ओरडून त्याचा हिशेब बिघडवला आणि तो पुन्हा खाली जायला निघाला. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं हे देऊळ. वरून शहर दाखवताना "आपलं घर कुठे" हा खेळ अर्धा तास चालतो. संध्याकाळी गेलात तर सात-साडेसातपर्यंत खाली उतरायला लागा.

टेकडीवर नाही जमलं तर गल्लीतही माल पडलेला असतो. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो, मग गुलमोहर. गुलमोहराची पक्व कळी उकलली की आतले पुंकेसर निघतात, त्यांची टोकं एकमेकांत अडकवून ओढायची, ज्याचं डोकं तुटलं त्याचा कोंबडा हरला. कळीची हिरवी-लाल सालं नखांवर चिकटवली की राक्षसीण तयार. हे माझ्या मुलांना इस्त्रीवाल्या काकांनी शिकवलं, मी नाही.

५. दुपारसाठी छप्पर

रोज दुपारी बाहेर पडायची गरज नाही. आठवड्यातून एकदा पुरे.

कोथरूडमध्येच जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, भाऊ जोशींनी उभं केलेलं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. एका दालनात अख्खं छोटं शहर आणि त्यात धावणाऱ्या गाड्या. खेळ चालू झाल्यावर मध्येच अंधार होतो आणि इवल्या घरांत दिवे लागतात, तेव्हा सगळ्या मुलांचा एकदम "हाऽऽ" निघतो. हात लावायला मिळत नाही हे घरूनच सांगून न्या. शोची वेळ आधी फोन करून विचारा.

शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय लहान मुलांना झेपत नाही असं लोक सांगतात. झेपतं, पण सगळं नाही. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेल्या हजारो वस्तू आहेत, आणि संग्रहाला लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलंय. मुलांसोबत फक्त तीन गोष्टी ठरवायच्या: दिवे, अडकित्ते आणि वाद्यं. "सगळ्यात मजेशीर अडकित्ता शोध" म्हटलं की पाऊण तास जातो. मग बाहेर. मोठ्यांना जे राहून गेल्याची चुटपुट लागते ते मुलं शाळेत गेल्यावर एकट्याने येऊन बघा.

तिथे जायला मेट्रोने मंडई स्टेशन. जिल्हा न्यायालय (पूर्वीचं सिव्हिल कोर्ट) स्टेशनला गाडी बदलावी लागते, आणि तीच खरी सहल. वरच्या मार्गावरून जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल असलेल्या फलाटापर्यंत सरकत्या जिन्यामागून सरकता जिना. आमची धाकटी अजून त्याला "पाताळ स्टेशन" म्हणते. जिन्यावर मुलाला पुढच्या पायरीवर उभं करा, हात धरा, आणि रबरी क्रॉक्स घालून नेऊ नका, ते कडेला अडकतात.

याशिवाय जवळच्या वाचनालयात मुलांच्या नावाने सभासदत्व घ्या. अनामत रक्कम परत मिळते, पावती जपून ठेवा. स्वतःच्या सहीने पुस्तक घ्यायला मिळतं म्हटल्यावर थोरल्याने सहीच बदलली, आता तिला शेपटी आहे.

६. शिबिरात नाव घालण्याआधी

मार्चपासून दारात पत्रकं येऊन पडतात. संस्कार वर्ग, व्यक्तिमत्त्व विकास, रोबो, श्लोक, बेकिंग, सगळं एकाच आठवड्यात. चार वर्षांच्या मुलाचं व्यक्तिमत्त्व एका आठवड्यात विकसित झालं तर मला वाटतं आपणच घाबरू.

पहिल्या वर्षी मी घाईत पैसे भरले. बॅच दहा ते बारा. म्हणजे साडेबाराला दुचाकीवर, मागे-पुढे दोन मुलं, डोक्यावर रणरणतं ऊन आणि पुढे लाल सिग्नल. वर त्या शिबिरात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमाचीच तालीम. धाकटी ढग झाली होती. सहा दिवस ती नुसती ढग होऊन कोपऱ्यात उभी राहिली आणि पोशाखाचे पैसे वेगळे घेतले.

आता मी पैसे भरण्याआधी हे विचारते:

- बॅच किती वाजता सुटते? साडेनऊ-दहाच्या आत सुटणारी किंवा संध्याकाळची असेल तरच पुढे बोलायचं.
- एका गटात किती वर्षांची मुलं? "चार ते बारा" असं उत्तर आलं तर चार वर्षांचं मूल दिवसभर बाजूला बसणार.
- किती मुलांमागे एक ताई किंवा दादा? शू-शीला कोण नेतं? स्वच्छतागृह स्वतः बघून या.
- साहित्य फीमध्ये धरलंय का? शेवटच्या दिवशी पोशाख, फोटो, स्मरणिका यांचे वेगळे पैसे आहेत का?
- मूल दोन दिवसांत रडून परतलं तर पैसे परत मिळतात का? पावतीच्या मागे बारीक अक्षरात काय छापलंय?
- सोडताना मूल कुणाच्या हाती देतात, आणि आई-बाबांऐवजी शेजारच्या काकू आल्या तर काय करतात? इथे चाचपडले तर उठून या.

मोकळं खेळणं, माती, रंग असं हवं असेल तर सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनाची चौकशी करा. जागा लवकर भरतात, सुट्टी लागेपर्यंत थांबू नका.

७. पोहायला घालायचं असेल तर

उन्हाळी बॅचसाठी तलावांवर झुंबड उडते. बहुतेक ठिकाणी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, आणि वय किंवा उंचीची अट असते. अट आधी विचारा, मुलाला पोहण्याचा पोशाख घेऊन दिल्यावर नाही.

पैसे भरण्याच्या आदल्या दिवशी त्याच बॅचच्या वेळी जाऊन कठड्यावर पंधरा मिनिटं बसा. लहान मुलांसाठी उथळ तलाव वेगळा आहे का, जीवरक्षक पाण्याकडे बघतोय की मोबाइलकडे, पाण्याचा तळ दिसतो का. तळ दिसत नसेल तर त्या तलावात मूल घालू नका, मग तो घराला कितीही जवळ असो. दमा, फिट किंवा कान फुटण्याचा त्रास असेल तर फॉर्मवर लिहाच आणि प्रशिक्षकांना तोंडीही सांगा. आमच्या थोरल्याचा कान पहिल्या आठवड्यातच दुखला. पालथं झोपवून पाणी काढण्याचे सगळे घरगुती उपाय झाले, शेवटी डॉक्टरच. कान नीट कोरडा न करता थेट पंख्याखाली झोपवत होते, हे तिथे कळलं.

८. नाटक

मे महिन्यात बालनाट्यांचे प्रयोग असतात. कोथरूडकरांना यशवंतराव चव्हाण नाट्यगृह जवळ. पाच वर्षांखालच्या मुलाला पहिल्या रांगेत बसवू नका, राक्षस आला की तुम्हालाच उचलून बाहेर न्यावं लागेल. कडेची खुर्ची घ्या. एसीत मुलं गारठतात, पातळ शाल बरोबर असू द्या.

९. खालची पोरं जमवा

वरचं सगळं महिन्यातल्या आठ-दहा दिवसांचं. उरलेले दिवस काढतात ती सोसायटीतली पोरंच, आणि पुण्यात ती आपोआप जमत नाहीत. आमच्याकडे तर "पोट्टे कुठे गेले सगळे?" असं मी जिन्यात विचारलं तेव्हा समोरच्या काकू चमकून दाराआडच गेल्या. इथे "मुलं" म्हणायचं.

मी एवढंच केलं, एक दिवस सहा वाजता लगोरीच्या सात चपट्या फरश्या आणि चेंडू घेऊन पार्किंगमध्ये जाऊन बसले. एकटीच रचत होते. दहा मिनिटांत तीन मुलं, दुसऱ्या दिवशी नऊ. मग डब्बा ऐसपैस, विषामृत, लंगडी. आठवड्याभराने मी नसले तरी चालू लागलं.

यात तीन काळज्या. गाड्या सहा ते आठ ज्या बाजूने येतात ती बाजू सोडायची. ज्यांच्या गाडीला चेंडू लागू शकतो त्यांना आधीच जाऊन भेटायचं, शक्यतो कैरीचं पन्हं घेऊन. आणि दोन ते चार आवाज नाही म्हणजे नाही, ती वेळ पुण्यात फार गांभीर्याने घेतात.

त्या दोन ते चारसाठी पत्ते. चमकून दाराआड गेलेल्या त्याच काकूंनी पुढे माझ्या मुलांना गाढव आणि भिकार-सावकार शिकवलं. आता दुपारी त्यांच्याच हॉलमध्ये फरशीवर पाच डोकी गोल बसलेली असतात. काकू बिनधास्त खोटं खेळतात, आणि मुलांनी ते अजून पकडलेलं नाही.

१०. पिशवी आणि फाइल

दाराला कायम एक पिशवी अडकवलेली ठेवा: पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी, ओला रुमाल प्लास्टिकमध्ये, एक जादा चड्डी (मोठ्या मुलाचीसुद्धा), ओआरएसची पुडी, शेंगदाणे-गूळ किंवा राजगिऱ्याचा लाडू, बँड-एड, सुटे पैसे. बाहेरचा बर्फाचा गोळा मी देत नाही. तुम्ही दिलात तर मला सांगू नका, माझी मुलं वाचतील.

फाइलमध्ये: मुलांचे पासपोर्ट आकाराचे चार-चार फोटो, जन्मदाखला आणि आधारची झेरॉक्स, राहत्या पत्त्याचा पुरावा (भाडेकरार चालतो का ते विचारा), डॉक्टरांचं प्रमाणपत्र, रक्तगट आणि ॲलर्जी लिहिलेला कागद. गर्दीत नेताना मुलाच्या खिशात तुमचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी. नाव बाहेर दिसेल असं लिहू नका.

११. वळीव आला तर

मेच्या मध्यापासून संध्याकाळी आभाळ दाटून येतं, धूळ उठते आणि वीस मिनिटांत रस्त्याचा ओढा होतो. बागेत असाल आणि वारा सुटला तर गुलमोहर किंवा मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली आडोशाला जाऊ नका. या झाडांच्या फांद्या दर वर्षी अशाच वाऱ्यात मोडतात. सरळ पक्क्या इमारतीत शिरा, दुकानदार हाकलत नाहीत. दुचाकीवर असाल तर थांबा, दहा मिनिटं उशीर चालतो.

घरी असाल तर गॅलरीत परात ठेवा. गारा पडल्या तर तिच्यात ताडताड वाजतात आणि कुणाच्या परातीत जास्त यावरून वरच्या मजल्याशी भांडता येतं.